गोराईच्या जिन्यावरची काच

१८ नोव्हेंबर, सोमवार

ही वही मापं लिहायची. आज माप एकही नाही, तरी लिहायला बसले. हे सांगायचं तर एकाच माणसाला सांगितलं असतं, आणि ते नेमकं तिच्याबद्दलच आहे.

सकाळी श्वेता नावाची बाई मरोळच्या आमच्या गाळ्यावर आली. तिच्या नवऱ्याच्या, राजेशच्या, मासळी नेणाऱ्या बर्फाच्या गाड्या आहेत. गोराईला नवीन घर बांधलंय. जिना जिथे वळतो तिथे नऊ फूट उंच खिडकी ठेवलीय, तिला रंगीत काच हवी. मी नेहमीसारखं सगळं मांडलं. जुनी डिझाइनं, फोटो, सांताक्रूझच्या घरातली मोरपिसांची खिडकी. ती हं हं करत बघत होती. मग हात धुवायला आत गेली ती बाहेरच येईना.

बेसिनच्या वर क्षमाने, माझ्या पार्टनरने, वीतभर काच टांगलीय, उरलेल्या तुकड्यांची. चिखलात उभा बगळा. दोन वर्षं तिथे आहे आणि मी कधी नीट बघितलाही नव्हता.

"हे कुणी केलं?" श्वेताने विचारलं.

"ते असंच. उरलेलं होतं ना," क्षमा म्हणाली.

"मला खिडकीत हे हवं. म्हणजे असंच काहीतरी, तुमच्या हातचं."

तेरा वर्षं आमची वाटणी ठरलेली आहे. गिऱ्हाइकाशी बोलणं आणि डिझाइन माझं, कापणं आणि जोडणं क्षमाचं. मी पाच वर्षं चित्रकला शिकले. ती घाटकोपरला फोटो फ्रेमच्या दुकानात काच कापायची, तिथून मी तिला आणलं. मी आणलं. हे लिहायची काही गरज नव्हती, पण लिहिलं.

"अरे वा, क्षमा," असं मी हसून म्हटलं. हसताना गाल दुखले.

१९ नोव्हेंबर

क्षमा म्हणाली, "माधुरी, तुला नको असेल तर मी करत नाही. खरंच. मी श्वेताला सांगते की डिझाइन तूच करतेस."

मी म्हटलं, "वेडी आहेस का? कर की."

म्हणजे आता मी परवानगी दिली म्हणून ती करणार. मोठेपणाही तिचाच.

२३ नोव्हेंबर, शनिवार

गोराईला माप घ्यायला गेलो. बोरिवलीहून जेट्टीपर्यंत रिक्षा, मग बोट. बोटीत क्षमा कडेला बसून खाडीतल्या तिवरांचे फोटो काढत होती. मला दाखवत होती, "मुळं बघ ना, आपल्या काचा जोडायच्या शिशाच्या पट्ट्यांसारखी दिसतात." मी बरं म्हटलं. तिला आता सगळीकडे खिडक्या दिसायला लागल्यात.

घर छान आहे. जिन्याला पांढरा संगमरवर, खिडकी पश्चिमेला. सासूबाई आहेत, सोनूबाई, ऐंशीच्या. पूर्वी गिरणगावात राहायच्या, मूळ मालवणच्या. मला विचारलं, "खंयची गो तू?" मी कणकवलीकडची म्हटल्यावर हात सोडीनात. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याने "नुसतो धूर दिसता." तरी खोली वरची घेतलीय, वारा येतो म्हणून. राजेश खाली राहा म्हणतो, त्या ऐकत नाहीत. "पायरेची कड दिसता तोवर माका कोणाची गरज नाय," म्हणाल्या.

क्षमा चौकटीला टेप लावत होती. मी खाली उभी राहून पायऱ्या बघत होते. ही माझी सवय. काच कशी दिसेल ते सगळेच बघतात, काचेतून आलेला उजेड कुठे पडेल ते मी बघते. साडेचारला ऊन आत आलं. खिडकीच्या वरच्या भागातलं समोरच्या भिंतीवर गेलं आणि खालच्या तीन फुटांतलं थेट पायऱ्यांवर पडलं.

क्षमाने तिकडे बघितलंच नाही. मीही तिला सांगितलं नाही. अजून डिझाइनच कुठे झालंय, म्हटलं.

१ डिसेंबर, रविवार

तीन दिवस घरी बसून मीही एक डिझाइन केलं. दर्या, डोलकाठ्या, वर सोनेरी आभाळ. चांगलं झालंय. माझ्या उत्तम पाचांत येईल. खालचा भाग फिकट ठेवला.

सुयोगने बघितलं. म्हणाला, "मस्त. पण ही ऑर्डर क्षमाची ना?"

"गिऱ्हाइकाला दोन पर्याय दिले तर बिघडतं कुठे?"

"क्षमाला सांगितलंस?"

नवऱ्यांना नको तिथे नेमके प्रश्न सुचतात. श्वेताला फोटो पाठवून दिला.

३ डिसेंबर

श्वेताने माझ्या फोटोला उत्तर दिलं नाही. फोन केला तो क्षमाला. "माधुरीताईंना सांगा, त्यांचंही सुंदर आहे, पण माझं ठरलंय." फोन स्पीकरवर होता. क्षमा काच पुसत होती.

मला वाटलं आता भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं, मलाही चार गोष्टी बोलता आल्या असत्या. फोन ठेवून तिने चहा टाकला आणि माझा कप माझ्यापुढे ठेवला. एवढंच.

मनातल्या मनात खूश असणार.

५ डिसेंबर

तिने पूर्ण मापाचं रेखाटन जमिनीवर पसरलं. तीन पॅनल, एकावर एक. वर फिकट आभाळ आणि एकच बगळा, मध्ये तिवरांची पानं, खाली मुळांची गुंतागुंत. गडद निळा, जांभळट तपकिरी, मध्येमध्ये लाल.

चांगलं आहे. चांगलं म्हणजे, मला सुचलं नसतं असं आहे. बगळा बरोबर मध्ये नाही, जरा डावीकडे आहे, आणि त्यामुळेच सगळी खिडकी उभी राहते. हे तिला कोणी शिकवलं? मी नाही.

ती गुडघ्यांवर बसून म्हणाली, "आता तू बघ. तुझी नजर वेगळी आहे. कुठे खटकतंय सांग, मला वाईट वाटणार नाही."

मी बघितलं. खालचं पॅनल बघितलं. गडद तुकडे, लहान लहान, साडेचारचं ऊन, पांढऱ्या पायऱ्या. निळ्या-लाल ठिपक्यांत पायरीची कड हरवणार, चांगल्या डोळ्यांच्या माणसालाही चुकायला होणार. एका वाक्यात सांगण्यासारखं होतं.

"छान आहे," मी म्हटलं.

"खरंच?"

"खरंच गं."

तिचा चेहरा असा उजळला की मला तिचा रागच आला. माझ्या एका शब्दाची एवढी वाट बघायची, आणि वर गिऱ्हाईक पळवायचं.

१२ डिसेंबर

आता मी कापते आणि ती बघते. म्हणजे दोघी कापतो, पण डिझाइन तिचं, त्यामुळे विचारायचं मी. मुळांची वळणं फार आतली आहेत. सकाळपासून माझे पाच तुकडे फुटले. तिने काही न बोलता लाल पेन्सिल घेतली, रेखाटनावर एक शिशाची रेघ सरकवली, आणि सहावा तुकडा सरळ निघाला.

निळ्या काचेचा जुना नमुना शोधायला मी वरच्या फळीवरची गुंडाळी काढली. सांताक्रूझच्या मोरपिसांचं रेखाटन निघालं. माझं. त्यावर लाल पेन्सिलच्या रेघा. एक-दोन नाहीत, तीसेक. पिसाच्या डोळ्याभोवती मी काढलेली वळणं सगळी बदललेली. दुसरी गुंडाळी उघडली. त्यातही. तिसरीतही.

"हे कधी केलंस?"

"काय? हां, ते. नेहमीच करते ना. तू काढतेस तशी काच कापलीच जात नाही, माधुरी. आतलं वळण फुटतं. मग रेघ जरा हलवायची."

"मला कधी बोलली नाहीस."

"त्यात काय बोलायचं? तुझं चित्र तेच राहायचं."

त्या मोरपिसांच्या रेघांचं लोकांनी किती कौतुक केलं होतं. "रेघेत काय ताकद आहे तुमच्या," असं एक आर्किटेक्ट म्हणाला होता. मी मान झुकवून थँक यू म्हटलं होतं. क्षमा तिथेच होती, चौकट पुसत.

तेरा वर्षं मला न विचारता माझ्या कागदावर हात मारत होती. सांगायला नको? दिवसभर मी तिच्याशी बोलले नाही. तिने दोनदा विचारलं, डोकं दुखतंय का.

२८ डिसेंबर

खालचं पॅनल जोडायला घेतलं. एकदा तोंडाशी आलं होतं. म्हणणार होते, क्षमा, ह्याचा उजेड कुठे पडणार बघितलंस का. "क्षमा" म्हणालेही. तिने मान वर केली. तेवढ्यात श्वेताचा व्हिडिओ कॉल आला, कुणा मैत्रिणीला दाखवत होती, "ह्या आमच्या आर्टिस्ट." क्षमा लाजली, केस मागे केले. क्षमाने फोन माझ्याकडे वळवला तेव्हा श्वेता म्हणाली, "आणि ह्या त्यांच्या पार्टनर, मदत करतायत."

कॉल संपल्यावर क्षमाने विचारलं, "काय म्हणत होतीस?"

"काही नाही. काचेच्या कडेला भरायची लांबी संपत आलीय."

१८ जानेवारी, शनिवार

खिडकी बसली.

रस्त्याने भाईंदरकडून टेंपो नेला असता तर खड्ड्यांत झाळलेले सांधे तुटले असते, म्हणून बोटीनेच नेली. तीन पॅनल उभी, गोधड्यांत गुंडाळून, एकेक दोघांनी धरून, तीन खेपा. भीमराजदादा चौकटीचं काम करतात, त्यांनी बोटवाल्याशी बोलून ठेवलं होतं. मधल्या खेपेला बोट हलली आणि क्षमाने पॅनलला मिठी मारली, पोटच्या पोराला धरतात तशी. तिला हसावं की काय करावं मला कळेना.

दुपारी तीनपर्यंत बसवून झाली. साडेचारला ऊन आलं. भिंतीवर हिरवं, पिवळं, आणि त्यात बगळ्याची पांढरी सावली. राजेशने चष्मा काढून डोळे पुसले. श्वेताने क्षमाला घट्ट मिठी मारली. भीमराजदादा इतकी वर्षं आमच्या खिडक्या बसवतात, कधी शब्द काढत नाहीत. आज म्हणाले, "क्षमाताई, ही वेगळीय."

ही वेगळीय. म्हणजे माझ्या सगळ्या सारख्याच.

मी पायऱ्यांकडे बघत होते. मला वाटलं होतं तसंच, त्याहून वाईट. सगळा जिना निळ्या-लाल तुकड्यांचा. कड कुठली, सपाट कुठलं, काही कळत नव्हतं. सोनूबाई वर कठड्याला धरून उभ्या होत्या. "बरां दिसता," म्हणाल्या आणि तिथूनच परत खोलीत गेल्या. खाली आल्या नाहीत.

मी तेव्हाही बोलले नाही. कशी बोलणार होते? दीड महिना गप्प राहून आता बोलले असते तर सगळ्यांना कळलं असतं की मला आधीच माहीत होतं.

२३ जानेवारी, गुरुवार

सोनूबाई जिन्यावरून पडल्या. काल संध्याकाळी, पावणेपाचला. उजवं मनगट मोडलं, गुडघा फुटला. डोकं वाचलं.

श्वेताचा फोन आला तेव्हा क्षमा माझ्यासमोरच उभी होती. श्वेता ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "आई म्हणतायत, पायरी खंय संपली ता समाजलाच नाय."

फोन ठेवून क्षमा खाली बसली. "मी पायऱ्या बघितल्याच नाहीत. नऊ फूट चौकट बघितली आणि पायऱ्या नाही बघितल्या. तू असं कधी केलं नसतंस. तुझ्या तेरा वर्षांत एकदाही असं झालं नाही. मी उगाच घेतलं हे काम."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "होतं गं असं."

मीच म्हटलं हे.

२४ जानेवारी

दवाखान्यात जाऊन आलो. सोनूबाई माझ्याशीच बोलत होत्या, मालवणीत, हाताला प्लास्टर. क्षमाला म्हणाल्या, "तुझो काय दोष नाय गो बाये, माझे डोळे म्हातारे." क्षमा पायाशी उभी राहून रडत होती. मला सारखं वाटत होतं की ही बाई आंधळी नाही, हिला माझं सगळं दिसतंय.

क्षमा बाहेर आल्यावर म्हणाली, "गाळ्याच्या पाटीवरचं माझं नाव काढून टाकूया. मी पहिल्यासारखी कापेन."

दोन महिने मला हेच तर हवं होतं. तिने आपणहून, असं, हातात आणून दिलं. घेता आलं नाही.

२५ जानेवारी, शनिवार

सांगितलं.

दुपारी, गाळ्यावर, मशीन बंद असताना. खुर्चीत बसून सांगायचं ठरवलं होतं, पण उभ्याउभ्याच बोलले. "पायऱ्यांचं मला माहीत होतं."

ती काचा लावून ठेवत होती. वळली नाही. "कधीपासून?"

"माप घ्यायला गेलो तेव्हाच जरा कळलं. तू रेखाटन दाखवलंस तेव्हा नक्की कळलं."

"मी तुला विचारलं होतं."

"हो."

"जमिनीवर बसून विचारलं होतं."

"हो."

"आणि काच कापताना? बोटीतून नेताना?"

"तेव्हाही माहीत होतं."

मग ती वळली. मला वाटलं होतं रडेल किंवा शिव्या देईल. तिने विचारलं, "का?"

मी म्हणाले, मी तुझ्यावर जळले. श्वेताने तुला आर्टिस्ट म्हटलं, मला मदतनीस. तुझा बगळा माझ्यापेक्षा चांगला होता. लाल पेन्सिल पण सांगितली. सगळं बोलले. बोलताना ते इतकं लहान वाटत होतं. मनगट मोडण्याएवढं मोठं त्यात काहीच नव्हतं.

"म्हातारीने काय केलं होतं तुझं?" क्षमा म्हणाली. हातमोजे काढून टेबलावर ठेवले, पिशवी घेतली आणि गेली.

२६ जानेवारी

एकटीच गोराईला गेले. राजेश, श्वेता आणि दवाखान्यातून घरी आलेल्या सोनूबाई, तिघांसमोर सांगितलं की चूक मला दिसली होती आणि मी लपवली, क्षमाला माहीत नव्हतं. राजेश उठून बाहेर गेला. श्वेता म्हणाली, "तुम्ही आता जा." सोनूबाईंनी तोंड फिरवलं. येताना कुणी दारापर्यंत आलं नाही, आणि ते बरोबर होतं.

२८ जानेवारी

क्षमा आली नाही. फोन उचलत नाही. सुयोगला सगळं सांगितलं. म्हणाला, "मला तेव्हाच विचारायला हवं होतं अजून एकदा." त्याची काय चूक?

३० जानेवारी, गुरुवार

साडेनऊला शटर वाजलं. क्षमा. बसली नाही.

"श्वेताशी बोलले मी," म्हणाली. "ती खिडकी काढायला निघाली होती. मी म्हटलं, खालचं पॅनल बदलून देऊ. ती म्हणाली, दोघी मिळून करणार असाल तर नको. मी म्हटलं, पायऱ्यांवर उजेड कसा पाडायचा ते मला येत नाही, ते तिलाच येतं. तेव्हा तयार झाली."

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"सॉरी नको. शंभरदा म्हणालीस तरी मला ते ऐकायचं नाहीये. विसरेन असंही वाटत नाही. खालचं पॅनल तू काढ. मुळं नकोत, लाल नको. कापेन मी. आणि ह्यापुढे दोघींची सही झाल्याशिवाय एकही काच कापायची नाही, कुणाचंही डिझाइन असो."

कागद काढला. तिने पेन्सिल माझ्याकडे सरकवली, टेबलाच्या पलीकडून.

७ फेब्रुवारी

आठवडाभर तीन फूट काचेसाठी अठरा रेखाटनं केली. शेवटी दुधी काच, अगदी फिकट करडी-हिरवी, आणि चारच शिशाच्या रेघा, चिखलावर पाणी ओसरताना राहतात तशा. मधल्या पॅनलमधली तिची मुळं खाली येतात आणि माझ्या पाण्यात विरतात. ऊन आलं तरी डाग पडणार नाही, सगळीकडे सारखा उजेड पसरेल.

त्यात दाखवण्यासारखं काही नाही. माझ्या उत्तम पाचांत काय, पन्नासांतही कुणी धरणार नाही.

क्षमाने बघितलं. एक रेघ अर्धा इंच डावीकडे घेतली. ह्या वेळी मला विचारून. मग खाली सही केली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पॅनल बदललं. राजेश माझ्याशी बोलला नाही, पण भीमराजदादांना मदत करायला उभा राहिला. श्वेताने चहा दोघींना दिला.

पावणेपाचची वाट बघत सगळे खाली थांबलो. बगळा भिंतीवर आला. पायऱ्या पांढऱ्याच राहिल्या, प्रत्येकीची कड स्पष्ट. वरून सोनूबाई आल्या, एक हात प्लास्टरमध्ये, दुसरा कठड्यावर. राजेश धरायला पुढे झाला. त्या म्हणाल्या, "थांब रे, माका बघूंदे." पहिली पायरी, दुसरी. वळणावर थांबून पायाकडे बघितलं. मग कठडा सोडला आणि उरलेल्या पायऱ्या तशाच उतरल्या.

खाली आल्यावर त्यांनी मान वर करून खिडकी बघितली. "बगळो काय काढलंस गो," क्षमाला म्हणाल्या आणि चांगल्या हाताने तिचा गाल कुरवाळला. मग माझ्याकडे बघितलं, जरा वेळ. ह्या वेळी तोंड फिरवलं नाही.

खालच्या काचेकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. बगळ्याचं कौतुक चाललं होतं तेव्हा माझ्या पोटात दुखलं. खोटं कशाला लिहू. एवढं सगळं होऊनही दुखलं.

परतीच्या बोटीत क्षमा माझ्या शेजारी बसली नाही, समोरच्या फळीवर बसली. खाडीच्या मध्यावर आल्यावर म्हणाली, "आत्ता जळलीस ना तू? बगळ्याच्या वेळी?"

नाही म्हणायला एक क्षण पुरला असता.

"हो," मी म्हटलं.

"किती?"

"बऱ्यापैकी."

तिने मान डोलावली, आणि बोट लागेपर्यंत ती पाण्याकडे बघत होती. उतरताना गोधड्यांचं गाठोडं जड होतं. एक टोक तिने उचललं आणि दुसरं मी धरेपर्यंत थांबली.